आठ परस

"ताई, गेला."

दिवसातून कितीदा तरी ही हाक माझ्या पाठीमागून यायची. काय गेलं, कुठं गेलं, काही पत्ता नाही. नुसतं 'गेला'. मी हातातलं काम टाकून खुर्ची वळवायचे आणि काकांच्या टेबलाशी जायचे. कधी आकडेच उमटत नसत, कारण नम लॉक बंद झालेला असे. कधी पडद्याच्या तळाची पट्टी उजव्या कडेला उभी राहिलेली असे आणि काका तिच्याकडं, न सांगता आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं बघत बसलेले असत. एकदा बाण उलट्या दिशेनं पळतोय म्हणून त्यांनी मला जेवणावरून उठवलं. माउस उलटा धरला होता.

"कॉम्प्युटर खराब झाला वाटतं," ते म्हणायचे.

"कॉम्प्युटर खराब होत नसतो काका. समोर बसणारा चुकतो."

हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ऑफिस झाडायला येणाऱ्या मावशीसुद्धा ते माझ्या आवाजात म्हणून दाखवायच्या. माझी जीभ तिखट, हे मला कुणी सांगायची गरज नाही. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कारकुनी. आजोबा निजामाच्या अमदानीत दफ्तरात होते, वडील कचेरीत. एखादा कागद चुकीचा लिहिलेला दिसला की आमच्या घरात लोकांना जेवण गोड लागत नाही. त्यात मी कॉम्प्युटर शिकले आणि या ऑफिसात सगळ्यांच्या बिघाडांची मालकीण होऊन बसले. पगारात त्याचं काही मिळत नव्हतं. मिळायच्या त्या हाकाच.

ऑफिस स्टेशन रोडला, टाइल्सच्या एका दुकानावर. खाली दिवसभर खोके उतरायचे, चढायचे. शहर चहूकडून फुगत होतं. पडेगाव, सातारा परिसर, बीड बायपास, जिथं बघावं तिथं प्लॉटिंगचे दगड रोवलेले आणि टॉवरच्या पाट्या लागलेल्या. त्या पाट्यांवर निळंशार पाणी भरलेले पोहण्याचे तलाव असत. लोक खाली येऊन बाथरूमच्या भिंतीला कुठला रंग शोभेल यावर तास न् तास वाद घालायचे, आणि त्यांच्याच घरी नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. पाणी आलं की अख्खी गल्ली कामावर उशिरा पोचायची. आमच्या साहेबांनी 'पाणी आलं होतं' हे कारण विनातक्रार मान्य करायला सुरुवात केली होती. दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. जायकवाडीत मृत साठा उरलाय, असं लोक चहा पिता पिता एकमेकांना सांगायचे.

आमच्या कंपनीनं पुण्याच्या कचेरीकडून पाण्याच्या नोंदींचं काम घेतलं होतं. गावोगावच्या ठरलेल्या विहिरी होत्या. आमची माणसं जाऊन प्रत्येक विहिरीत जमिनीपासून किती खाली पाणी आहे ते मोजून आणायची आणि आम्ही तो आकडा कॉम्प्युटरमध्ये भरायचो. आकडा लहान म्हणजे पाणी जवळ, गाव हिरव्या रंगात. आकडा मोठा म्हणजे पाणी खोल गेलं, गाव लाल. लाल गावांना टँकर. एवढं सोपं होतं, निदान आम्हाला सांगताना तरी सोपं करून सांगितलं होतं.

काका साठीकडं झुकलेले. आधी एका सूतगिरणीत हजेरी मांडायचे. गिरणी बंद पडली तशी पाच-सहा ठिकाणी धक्के खाऊन ते आमच्याकडं आले. कॉम्प्युटरला ते हमेशा वचकून असायचे. सकाळी आल्या आल्या त्याच्यावरचा टॉवेल काढायचे, धूळ झटकायचे, नमस्कार करायचे आणि मगच बटन दाबायचे. मी हसायचे. "पाया पडून चालू होतो का तो?" ते म्हणायचे, "पाया पडल्यावर निदान माझी भीती जाती."

पडेगावात दौलताबाद रस्त्याच्या अंगाला एका नव्या प्लॉटिंगमध्ये त्यांच्या दोन खोल्या होत्या. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जगात म्हणून जे काही होतं ते फुलंब्रीच्या पुढं त्यांच्या गावात होतं, त्यांची थोरली बहीण, अक्का. आई लहानपणी गेली तेव्हा अक्कानंच त्यांना वाढवलं. नवऱ्यामागं ती माहेरीच येऊन राहिलेली, एकटी. काका तिच्या गोष्टी सांगायला लागले की थांबत नसत. अक्का त्यांच्याहून उंच. अक्का अजून विहिरीचं पाणी शेंदती. अक्काला शहरात चल म्हटलं की ती म्हणती, तुमच्या पडेगावात पाणी इकत घेऊन पितेत, मी कशाला येऊ तिथं मरायला?

मी काकांवर चिडायचे, पण त्यांची हाक आली नाही तर दिवस अळणी जायचा, हेही खरं. एकदा मात्र मला फारच काम होतं आणि त्यांनी ओळीनं हाका मारल्या. मी त्यांना चांगलंच झापलं. म्हटलं, "काका, लाल अक्षरं आली की मला बोलावू नका. आधी वाचा. त्यात काय चुकलं ते लिहिलेलं असतं. वाचायचं, सांगितलंय तसं करायचं. लहान मूल आहात का?"

"बरं," ते म्हणाले. कुणी कितीही बोललं तरी ते बरंच म्हणायचे.

थंडी संपता संपता त्यांच्या तालुक्याचे आकडे यायचे होते. तिकडं जाणारा आमचा माणूस काविळीनं आजारी पडला. त्या वर्षी काविळीनं घरोघर माणसं झोपवली होती. साहेबांनी बाकीची गावं दुसऱ्यावर ढकलली. काका म्हणाले, आमच्या गावचं मी रविवारी जाऊन आणतो, नाहीतरी अक्काला भेटायचंच हाय. साहेबांना तेवढंच बरं. मोजायचा टेप मात्र दुसऱ्या माणसाकडं गेलेला होता.

त्या सोमवारी मी ऑफिसात नव्हते. लासूर स्टेशनला मामेबहिणीचं लग्न होतं. परत आले तर काका दारातच उभे. चेहरा असा फुललेला की मला वाटलं, पगार वाढला की काय.

"ताई, काल लाल अक्षरं आली व्हती."

"मग?"

"तुम्हाला फोन नाय केला. वाचली. सांगितलं तसं केलं. घेतलं त्यानं."

मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. खरंच आनंद झाला मला. म्हटलं, "काका, आता तुम्ही माझ्या हाताखालून सुटलात. चला, चहा माझ्याकडून." खाली कोपऱ्यावरच्या गाड्यावर आम्ही चहा घेतला, मिरचीभजी घेतली. त्यांनी त्या लाल अक्षरांची हकीकत दोनदा सांगितली. काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही. जमलंय ना, मग पुरे. आयुष्यात कॉम्प्युटरचा एक बिघाड त्यांनी एकट्यानं दुरुस्त केला होता, आणि त्यांना तो दिवस सणासारखा वाटत होता.

मग उन्हाळा आला. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावता येत नसे. टँकर सुरू झाले. काकांच्या शेजारच्या गावाला मिळाला, त्याच्या पलीकडच्याला मिळाला. त्यांच्या गावाला नाही. काकांचा फोन वाजायला लागला. आधी दुपारी, मग सकाळ-दुपार. ते जिन्यात जाऊन बोलायचे, पण गावाकडची माणसं फोनवर मोठ्यानं बोलतात, सगळं ऐकू यायचं.

"तू पाण्याच्या हाफिसात बसतो, आन् आपल्याच गावाला टँकर नाय?"

"यादी निघती हो. कॉम्प्युटरला टाइम लागतो," काका म्हणायचे.

त्यांच्या गावानं तालुक्याला दरखास्त दिली. तालुक्यानं सांगितलं, तुमच्या विहिरीत पाणी आहे. लोक म्हणाले, येऊन बघा. तिथला माणूस म्हणाला, बघायचं काय, इथं दिसतंय की. हे सगळं काकांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा ते कुणाला काही न सांगता बसून असायचे. डबा उघडायचे, अर्धा खायचे, झाकायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "उन्हानं जेवण जाईना."

शेवटी एका दुपारी हाक आली. नेहमीसारखी नव्हती, हळू होती.

"ताई, कॉम्प्युटर खराब झालाय. माझं गाव हिरवं दाखवतो."

मी सवयीनं म्हटलं, "कॉम्प्युटर खराब होत नसतो," आणि खुर्ची घेऊन त्यांच्या शेजारी बसले. गाव उघडलं. विहिरीच्या पुढं चौकटीत आकडा होता. आठ.

"काका, हे आठ कुठून आलं?"

"मोजून आणलं की."

"कशानं मोजलं? टेप तर नव्हता तुमच्याकडं."

"दोरीनं. दगड बांधून सोडली पाण्यापोतर, खूण केली, वर वढली. मग अक्का उभी ऱ्हायली हात वर करून. माझा हा खांदा वर जात नाय ना. तिच्या पायापासून बोटापोतर दोरी धरली, एक परस. आसं करत करत आठ परस भरली."

परस मला ठाऊक होता. आजोळी विहीर परसांतच सांगायचे. माणूस हात वर करून उभा राहिला की पायाच्या तळव्यापासून बोटांच्या टोकापर्यंत जेवढा भरतो, तेवढा एक परस. दोन मीटरच्याही वर जातो.

"मग इथं नुसतं आठ का लिहिलं?"

"मी आठ परस आसंच लिहिलं व्हतं. मग लाल अक्षरं आली. 'या चौकटीत फक्त अंक भरावेत.' मी वाचलं ताई. तुम्ही म्हणता तसं आधी वाचलं. मग परस खोडला. मग घेतलं त्यानं."

चौकटीच्या वर बारीक करड्या अक्षरांत 'मीटर' लिहिलेलं होतं. इतक्या बारीक, की ते वाचायला मलाही पुढं वाकावं लागे. मी त्याच्यावर बोट ठेवलं.

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला आणि ते बोटाशी वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते. खाली टाइल्सचा टेम्पो आला होता, त्याचा हमाल कुणाला तरी शिव्या देत होता.

"म्हंजी आपल्या विहिरीत मीच पाणी भरलं," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला. मग त्या करड्या अक्षरांचा आला, मग ती चौकट पुण्यात गार खोलीत बसून ज्यानं बनवली त्याचा. ज्यानं आयुष्यात विहीर वाकून बघितली नसेल, त्यानं ठरवलेलं की विहीर अमुक एका मापातच सांगायची. आणि या माणसानं आपल्या अंगाच्या मापानं, बहिणीच्या अंगाच्या मापानं खरं तेच मोजून आणलं होतं. पण राग करून आकडा बदलत नाही. मी आकड्यावर क्लिक केलं. चौकट करडी. कुलूप लागलेलं.

महिना संपला की भरलेल्या नोंदींना कुलूप लागायचं. ते पुण्याहूनच उघडायचं, आणि साहेबांनी मागितल्याशिवाय पुणं उघडत नसे. मी तडक साहेबांकडं गेले. काका मागोमाग आले, दाराशी उभे राहिले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. घाबरट होता. म्हणाला, "एक आकडा उघडला की ते सगळ्यांचीच तपासणी लावतात. काम जाईल आपलं. उन्हाळा संपताना पुढची मोजणी आहेच, तेव्हा बरोबर टाका."

"उन्हाळा संपताना टँकर कशाला लागतो साहेब?" मी म्हटलं.

"आणि चूक कुणाची म्हणून लिहायचं? यांची लिहिली तर यांना काढतील."

"माझी लिहा," दारातून काका म्हणाले. "काढू द्या."

साहेबानं तरी दोन-तीन दिवस घोळवलं. मी रोज सकाळी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहायचे. शेवटी बेजार होऊन त्यानं मागणी पाठवली. मग पुणं. पुण्याचा फोन लागायचा, आधी गाणं ऐकवायचा, मग एखादी मुलगी यायची. "मॅम, तुमची रिक्वेस्ट प्रोसेसमध्ये आहे." मी तिला सांगायचे की बाई, त्या गावात माणसं आहेत. ती म्हणायची, "मॅम, तुमचा रिक्वेस्ट नंबर सांगा." दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी. तिला पुन्हा पहिल्यापासून परस म्हणजे काय ते सांगायचं. एकीनं विचारलं, "स्पेलिंग सांगाल?" मी फोन आपटला. काका शेजारी बसून माझ्याकडं बघत होते. त्यांनी उठून माठातलं पाणी आणून दिलं. मी म्हटलं, मला नको. ते म्हणाले, "घ्या. तुमचा घसा बसला."

एक दिवस रजा टाकून ते स्वतः तालुक्याला गेले. सांगितलं, चूक माझी आहे, विहीर कोरडी व्हायला आलीय, चला दाखवतो. तिथल्या माणसानं कॉम्प्युटर त्यांच्याकडं वळवून दाखवला. आठ. म्हणाला, "ह्यात बदलून आणा, लगेच टँकर देतो. मी काय करू? मला इथं दिसतं तेच खरं." काका म्हणाले, तो आदबीनं बोलला, पाणीसुद्धा दिलं. त्याचंच त्यांना जास्त लागलं.

गावात तेवढ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. बादली बुडत नव्हती. बायका पायऱ्यांनी आत उतरायच्या. पायऱ्या संपल्या की कपारीत पाय देत तळाशी जायच्या आणि वाटीनं भरून वर द्यायच्या. कपारीपर्यंत सगळ्यांचा पाय पुरत नव्हता. अक्काचा पुरायचा. उंच होती ना. तर तीच रोज उतरायची, स्वतःचं भरायची, दुसऱ्यांचंही भरून द्यायची.

फोन आला तेव्हा काका टेबलाशीच होते. या वेळी ते जिन्यात गेले नाहीत. ऐकलं, फोन खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "अक्का पडली. विहिरीत." एवढं बोलून ते उभे राहिले, पण निघायचं कुठं ते त्यांना सुचेना. त्यांचा हात टॉवेलाकडं गेला, कॉम्प्युटर झाकायला लागला. चालू कॉम्प्युटर. मी टॉवेल हातातून घेतला आणि म्हटलं, "जा तुम्ही. मी बघते."

अक्का जगली. खुबा मोडला. जीपमध्ये आडवी टाकून तिला शहरात आणली. डॉक्टर म्हणाले, वय बघता हाड जुळलं तरी पहिल्यासारखं नाही. काकांनी तिला पडेगावला आपल्या खोलीत नेली. जिथं यायला ती कधी तयार नव्हती, तिथं तिला खाटेवर आणून ठेवली.

ती पडली त्याच्या पुढच्या आठवड्यात कुलूप उघडलं. पुण्याहून मेल आला, दोन ओळींचा. ठरलेल्या मुदतीत नोंद सुधारावी. मी काकांना फोन केला. ते तसेच टेप घेऊन गावाला गेले आणि दुसऱ्या दिवशी आले तेव्हा अंगाला वास येत होता, ओल्या मातीचा. टेपाच्या टोकाला चिखल वाळलेला. पाणी लागलंच नव्हतं, तळापर्यंतचं माप घेऊन आले होते.

"तुम्ही भरा ताई," ते म्हणाले.

"नाही. तुमचं गाव आहे. तुम्ही भरा. मी आहे शेजारी."

ते बसले. एका बोटानं एकेक आकडा दाबला. प्रत्येक आकड्यापाशी थांबून विचारलं, "हे मीटरच ना?" मी व्हय म्हणाले. परत विचारलं, परत व्हय म्हणाले. मग एंटर दाबलं. गाव लाल झालं. आम्ही दोघं त्या लाल ठिपक्याकडं बघत बसलो. इतक्या दिवसांची धडपड एवढ्यासाठीच होती, आणि झाल्यावर बरं असं काही वाटलं नाही. टँकर त्याच आठवड्यात सुरू झाला. साहेबानं काकांना काढलं नाही. बोलायचं ते बोलून घेतलं आणि विषय मिटवला.

काही दिवसांनी मी अक्काला बघायला पडेगावला गेले. हातात मोसंबी होती. प्लॉटिंगमध्ये सगळीकडं घरं अर्धी बांधलेली, आणि दारोदार निळी पिंपं. काकांच्या खोलीशी पोचले तर तेही पिंप भरत होते. विकतच्याच टँकरचं पाणी. मला बघून त्यांनी पाइप दुसऱ्याच्या हातात दिला आणि हात पुसत आत आले.

अक्का खाटेवर. आडवी असतानाही लांबलचक दिसत होती. पायाच्या टाचा खाटेच्या बाहेर. उन्हाळा असून अंगावर शाल होती, लाल काठाची, नवीकोरी. देवाच्या कोनाड्यात शेंडीचा नारळ.

"तूच का ती कंपूटरवाली?" तिनं विचारलं. "लई नाव घेतो तुझं. ये, बस हितं. ह्याला जरा शिकिव बाई, म्हातारा झाला तरी घाबरतो."

मी म्हटलं, "शिकवते की अक्का."

मग तिनं शालीचा काठ मला दाखवायला वर उचलला. "बघ. गावानं दिली ह्याला. टँकर आला ना गावात, त्या दिशी सगळ्यांनी पाराजवळ बोलवून शाल घातली, नारळ दिला. सगळे बोलले, आपला माणूस हाफिसात हाय म्हणून पाणी आलं. मी नव्हते बघायला. पण हे बघ, माझ्याच अंगावर टाकली त्यानं. म्हणला, तुझीच हाय."

काका दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बाहेर पिंपात पाणी पडत होतं, तिकडं बघत होते. त्यांनी ती शाल घेतली होती. नाही म्हणायला त्यांना जमलं नव्हतं, आणि खरं सांगायलाही नाही. पाराजवळ माणसं टाळ्या वाजवताना ते तिथं कसे उभे राहिले असतील, याचा विचार मला अजूनही करवत नाही. मला रडू यायला लागलं, आणि तिखट जिभेच्या बायका चारचौघांत रडत नाहीत म्हणून मी मोसंबी सोलायला घेतली.

अक्कानं एक फोड घेतली. चघळून बिया तळहातावर काढल्या.

"टँकर आधी आला आसता तर मी कशाला उतरले आसते," ती म्हणाली. तक्रार नव्हती, सांगत होती. "पर त्यात ह्याचा काय दोस? मी इचारलं त्याला. त्यो म्हणला, अक्का, हाफिसातला कंपूटरच खराब झाला व्हता. म्हणून उशीर झाला." तिनं मान वळवून माझ्या तोंडाकडं बघितलं. "तुला तर सगळं कळतं त्यातलं. व्हय ना गं? खराबच झाला व्हता ना?"

काकांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"व्हय अक्का," मी म्हटलं. "खराबच झाला होता."

"तेच तर," ती म्हणाली, आणि शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली.